जिन्यावरचे चौदा प्रश्न

१२ जानेवारी

चि. काबाई हिस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खालचा शिंपी म्हणाला, आणा वाचून दाखवतो. पण मी चौथीपर्यंतच शिकलेली का होईना, माझ्या नातीचं पत्र मीच वाचणार. दोन दिवस लागले. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यातून एखादी मध्येच वळते.

तुझ्या वर्तमानपत्रातल्या प्रश्नोत्तरांच्या सदराला प्रश्नच येत नाहीत, आणि मार्चअखेर आले नाहीत तर साहेब सदर बंद करून तुला घरी बसवणार, हे वाचून आधी मला हसूच आलं. रागावू नकोस. लहानपणी दिवसभर का, का, का करून माझं डोकं खायचीस म्हणून तर तू काबाई. आणि तुलाच प्रश्न मिळेनात? अगं, आमच्या जिन्यावर ये. इथे प्रश्नांना तोटा नाही, लिहिणाऱ्या हातांना आहे.

दुपारी नळाला पाणी येतं तेव्हा सगळे बादल्या रांगेत लावून जिन्यावर टेकतात. आजपासून मी तिथे पेन घेऊन बसते. कपड्यांचे नमुने कापून उरलेला खाकी कागद शिंप्याने दिला, त्यामुळे एखादा प्रश्न बाहीच्या आकाराचा येईल, एखादा गळ्याच्या. एका तुकड्यावर एकच प्रश्न. आणि सांगणाऱ्याने खाली स्वतःच्या हाताने आपली खूण काढायची, म्हणजे म्हातारीने पदरचं घातलं असं कुणी म्हणायला नको. केस कापणाऱ्या दादाने कंगवा काढलाय, तो झाडूसारखा दिसतोय, तू सांभाळून घे.

आज तीन पाठवते. दादा विचारतो, केस कापला तर दुखत नाही आणि उपटला तर डोळ्यांत पाणी येतं, असं का. नळवाला म्हणतो, तो जिथे जिथे कामाला गेला तिथे तिथे लेकरं आईला म-म करूनच हाक मारत होती, हे सगळ्यांनी आधी ठरवलं होतं का. आणि इस्त्रीवाली विचारते की मुलीच्या शाळेतले कारकून कागद पुढे सरकवतात आणि अंगठा लाव म्हणतात. अंगठा म्हणजे सही का, आणि लावायच्या आधी यात काय लिहिलंय असं विचारायला तिला मुभा आहे का. हे विचारताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

माझा स्वतःचा प्रश्न नाही. मला सगळं येतं.

वेळेवर जेव. माया आटू देऊ नकोस.
तुझी आजी

२ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझे तिन्ही तुकडे मिळाले, आणि तिन्हींना उत्तरं छापली. कात्रण सोबत आहे. दादांना सांग, त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, जीव असतो तो मुळाशी. म्हणून कात्रीची खबर त्याला लागत नाही, उपटल्याची लागते. नळवाल्यांना सांग, कुणी काही ठरवलं नव्हतं. मिटलेले ओठ उघडले की म आपोआप निघतो, बाळांना तो सोपा जातो, आणि आयांना वाटतं आपल्यालाच हाक मारली.

इस्त्रीवाल्या मावशींना मात्र नीट वाचून दाखव. अंगठ्याला सहीचंच वजन असतं. म्हणून तर कागद आधी मोठ्याने वाचून दाखवा असं म्हणायचं, आणि समजल्याशिवाय अंगठा लावायचा नाही. त्यासाठी कुणाची मुभा लागत नाही.

आजी, असेच आणखी दहाबारा आले तर सदर वाचेल. तुझ्या लोभाची भुकेली,
काबाई

२० फेब्रुवारी

चि. काबाई हिस, अनेक आशीर्वाद.

अगं, काय सांगू. इस्त्रीवाली ते कात्रण पोलक्यात ठेवून शाळेत गेली. कारकुनाला म्हणाली, वाचा. तो म्हणाला, तुला काय कळणार. ती म्हणाली, वाचल्यावर ठरवू. त्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की मुलीला खालच्या वर्गात बसवायला आईची हरकत नाही. आता बोल. हिने अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला आणि हरकत आहे असं सांगून आली. मुलगी आपल्याच वर्गात आहे. येऊन माझ्याजवळ बसली. आम्ही दोघी चहा प्यायलो.

नळवाला मात्र कुरकुरतोय. म सोपा, तर मग आपण आई का म्हणतो. मी म्हटलं, आपली बाळं जात्याच हुशार.

कुठे होते मी? हां. अकरा तुकडे पाठवतेय, आधीचे तीन धरून चौदा झाले. सुईणबाईंना जुळ्यांच्या बोटांचे ठसे एक असतात का ते हवंय. पहारेकऱ्याला चंद्र त्याच्याबरोबर का चालतो ते. आता लोक बादली नसली तरी येऊन बसतात.

लोभ वाढता असू दे, वजनही.
तुझी आजी

८ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही. साहेबांनी सगळा गठ्ठा मागवला, हात लांब करून वरवर चाळला आणि म्हणाले, एकच कागद, एकच अक्षर. ही पत्रं मीच घरी बसून पाडते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आजीने लिहून घेतली असं सांगितलं तर म्हणाले, मग आजीने पाडली. ते स्वतः तिथे येऊन बघणार आहेत, कधी ते सांगणार नाहीत. खोटं निघालं तर सदरही गेलं आणि मीही.

आजी, रागावू नकोस, पण विचारते. ही माणसं आहेत ना? लहानपणी माझी मांजर हरवली तेव्हा सहा महिने तिची पत्रं मला येत होती. ती तू लिहायचीस.

तुझी,
काबाई

१९ मार्च

चि. काबाई हिस, आशीर्वाद. थोडे रागाचे, पण आशीर्वादच.

मांजरीची गोष्ट वेगळी. तू जेवत नव्हतीस.

तुझे साहेब काल येऊन गेले. पाण्याच्या वेळेलाच आले, आणि जागा नव्हती म्हणून बिचारे उलट्या बादलीवर बसले. मी कोण हे सांगायच्या आत सुईणबाईंनी त्यांना ठशांचं विचारलं. पहारेकऱ्याने चंद्राचं विचारलं. दादाने केस विरळ झालेत म्हणून डोक्यावरून हातच फिरवला. आम्ही खरे की खोटे हे बघायला आलेला माणूस, घामाघूम झाला.

मग मी त्यांनी बरोबर आणलेल्या गठ्ठ्यातला एक तुकडा काढून म्हटलं, वाचा, आणि तो कंगवा कुणी काढलाय ते ओळखा. त्यांनी कागद लांब धरला. आणखी लांब. मग म्हणाले की उजेड कमी आहे. भर दुपारी, काबाई. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. सुईत दोरा ओवताना तुझे आजोबाही उजेडालाच बोल लावायचे.

शिंप्याने आपला चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो लावला आणि पहिला तुकडा वाचला. मग दुसरा. चौदाच्या चौदा वाचले, तिथेच, बादलीवर. पाणी येऊन गेलं तरी कुणी उठलं नाही. इस्त्रीवालीचा तुकडा त्यांनी दोनदा वाचला, आणि तिच्याकडे बघून म्हणाले की हे मी आधी वाचलं नव्हतं. त्यांनी एकही वाचलं नव्हतं गं. नुसता कागद बघितला होता.

जाताना सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, माझाही एक लिहून घ्या, नाव नको. सोबत पाठवतेय. हसू नकोस, आणि उत्तरात शहाणपणा शिकवू नकोस. माणूस वाईट नाही, अडून बसला होता.

आणि पुन्हा मला असं विचारलंस तर मांजरच पाठवीन.

माया आहे तेवढीच आहे, रतीभरही कमी नाही.
तुझी आजी

२८ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

आधी कान पकडते. तुला विचारलं तिथेच चुकले.

सदर चालू राहणार. साहेब सोमवारी नवा चष्मा लावून आले. कचेरीत कुणी मान वर केली नाही, पण सगळ्यांनी बघितलं. शनिवारी जिन्यावरच्या प्रश्नांना पूर्ण पान आहे.

त्यांचा तुकडा मी शेवटी घेतला. तू लिहून घेतलं होतंस, वय झालं की जवळचं अक्षर का विरघळतं, आणि ते सांगायला माणूस का लाजतो. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, जवळचं बघायला त्याला फुगता येत नाही. सगळ्यांचंच होतं, आणि चष्मा पुरतो. दुसऱ्यापाशी मी दोन दिवस बसले. शेवटी खरं ते लिहिलं, की याचं उत्तर मला माहीत नाही.

छापायला जाण्याआधी साहेबांनी पान तपासलं. सगळं तसंच ठेवलं. फक्त त्या ओळीतला ‘मला’ हा शब्द खोडून त्यांनी तिथे आपल्या हाताने ‘आम्हांलाही’ असं लिहिलं.

जिन्यावर सगळ्यांना नमस्कार सांग. माझ्यासाठी एक पायरी राखून ठेव, पुढच्या आठवड्यात येते.
तुझीच,
काबाई