डबा खाली ठेवता येत नाही

डावा हात खांद्याच्या वर आहे. त्या हातात नेटचा राउटर आहे. म्हणून कागद गुडघ्यावर ठेवून उजव्या हाताने लिहितो आहे. कागद सरकतो. अक्षर वाकडे आले तर माझ्या तब्येतीची शंका घेऊ नकोस. मी घराबाहेरच्या जिन्यावर, वरच्या खोलीच्या खिडकीखाली बसलो आहे. खिडकीत कूलर आहे, कूलरच्या मागे जावई आहेत, आणि हा काळा डबा वीतभर खाली आला तरी त्यांच्या पडद्यावरचे चित्र थांबते. चित्र थांबले की कूलरच्या खसाच्या जाळीतून आवाज येतो, "गेलं." एवढेच. त्यानंतर फक्त पाणी ठिबकते.

प्रिय गिरिधर, नमस्कार. पत्राची सुरुवात अशी व्हायला नको होती, पण हल्ली मला फुरसत मिळते ती असा हात वर धरून बसल्यावरच. तुझा गुडघा कसा आहे? खापरखेड्याच्या कॉलनीत पाणी वेळेवर येते का? वहिनींना नमस्कार सांग. फोन केला असता, पण माझा फोन मी बंद करून कणकेच्या डब्यात ठेवला आहे. तोही नेट खातो म्हणतात. आमच्याकडे सर्व ठीक आहे. (ही ओळ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिली. मी घाबरलेलो आहे. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून तू माझी भीती पुष्कळ पाहिली आहेस, त्यामुळे तुला वेगळे सांगायला नको.)

तुला ठाऊक आहे की यंदा ज्येष्ठ अधिक आहे. दामिनीच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला बोलावणे भाग होते. साहिलराव पुण्याहून आले, अनारसे खाल्ले, वाण घेतले, आणि जेवण झाल्यावर दामिनीने सांगितले की त्यांच्या ऑफिसने कुठूनही काम करायला परवानगी दिली आहे. तिला नागपुरात परत यायचे आहे. वरची खोली आपलीच आहे. साहिलराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "थोडे दिवस राहून बघू. नेट चाललं तर," एवढे म्हणाले. नाही चालले तर कंपनी त्यांना बंगळुरूला जागा देते आहे. म्हणजे माझी मुलगी इथे राहील की दिवाळीपुरती येईल, हे आता या डब्याच्या हिरव्या दिव्यावर आहे. तो दिवा मधेच पिवळा होतो. का होतो ते कोणी सांगत नाही.

दुसऱ्याच दिवशी वर मीटिंग अडकली. संध्याकाळी खेळ अडकला. साहिलरावांकडे टीव्हीला जोडायचे खेळाचे एक यंत्र आहे, त्यावर ते दूरदेशच्या माणसांबरोबर लढतात. मी चहा द्यायला गेलो तेव्हा त्यांचा माणूस एका भिंतीकडे तोंड करून उभा होता. हलेना. मागून कोणी आले आणि त्याला गोळी घातली. मी कप ठेवून खाली आलो आणि बराच वेळ न्हाणीघरात बसलो. तो माणूस आपल्या घरात मेला होता, गिरिधर.

मी उपाय सुरू केले. आपण वीजवाले. आपल्याला एकच रोग माहीत, दाब कमी आणि लोड जास्त. डबा जुन्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लावला. तो गुणगुणला, पण चित्र तसेच. मग लोड कमी केला. फ्रिज बंद, गिझर बंद (उन्हाळ्यात तो बंदच असतो, तरी त्याचा फ्यूजही काढला), आणि सौ. वंदनाचा टीव्ही बंद. तिची मालिका नेटवरून येते. ती म्हणाली, "माह्या एका मालिकेनं काय जावई बंगळुरूले जाऊन राहिला का?" मी म्हटले, शक्यता आहे. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हते. नेटच्या कंपनीचा मोहित नावाचा मुलगा आला. त्याने डबा बंद केला, चालू केला, आणि म्हणाला, "काका, हो गया. चांगले स्टार देऊन द्या ना." मी सगळे स्टार दिले. तो फाटकाबाहेर पडला आणि वरून आवाज आला, "गेलं."

मग मी जुन्या पद्धतीने शोध घेतला. एकेक यंत्र बंद करायचे आणि वाट बघायची. एका दुपारी वरच्या कूलरचे पाणी संपले आणि चित्र धावू लागले. वंदनाने नळी लावून टाकी भरली आणि चित्र थांबले. डबा खाली बैठकीत, जावई वर, आणि मधे पत्र्याची पाण्याने भरलेली टाकी. नेट पाण्यातून जात नाही, हे मला या वयात कळले. वंदनाला सांगितले की कूलर काढू. ती म्हणाली, "नवतप्याच्या उन्हात जावयाले भाजता काय? त्याची माय काय म्हणंन?" मग भिंतीला भोक पाडून वर वायर नेऊ म्हटले. तिने हातातले लाटणे खाली ठेवले. "अधिकात घराले भोक? नवीन काम? नवीन वस्तू?" अधिक महिन्यात नवे काही सुरू करत नाहीत हे मी विसरलो होतो. नवा डबा आणायचा नाही, नवी वायर नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. ज्या महिन्याने जावई आणला त्याच महिन्याने माझे हात बांधले. एक हात तरी.

डबा हातात धरून बसायला मात्र मुहूर्त लागत नाही. डब्याची वायर बैठकीच्या खिडकीतून या पायरीपर्यंतच पोचते. डबा टाकीच्या बाजूने उंच धरला तर दाराच्या फटीतून नेट आत जाते. सुतळीने कठड्याला टांगून पाहिला. तो वाऱ्याने गिरक्या घेऊ लागला आणि आत दोन माणसे मेली. म्हणून साहिलराव खोलीत गेले की मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून इथे येतो. दामिनीला ठाऊक नाही. तिला वाटते मी वाचनालयात जातो. आज शेजारचा कवडू फाटकाशी थांबला. "वामनराव, काय पकडून राहिले गा? माकड आलं का?" मी बोटाने गप्प बसायची खूण केली. तो घाबरून झाडांकडे बघत निघून गेला.

हाताला मुंग्या आल्या आहेत. वर मोठ्या साहेबांशी बोलणे चालू आहे. मी हात बदलतो आणि

दार उघडले होते, म्हणून वाक्य तुटले. साहिलराव उंबरठ्यावर उभे होते. त्यांनी डब्याकडे पाहिले, दुपट्ट्याकडे पाहिले.

"बाबा, हा तुम्ही धरलाय?"

"नाही," मी म्हणालो. हात वरच होता.

ते पायरीवर बसले आणि लगेच उठले. (पायरी तापलेली असते. मी खाली गोणपाट घेतो.) मग गोणपाटाच्या कडेवर बसले आणि डबा माझ्या हातातून घेतला. माझा हात खाली येईना. तो त्यांनीच धरून खाली आणला. मला वाटले, आता "गेलं" म्हणतील.

"मला वाटलं, आम्ही इथे राहायला यावं हे तुम्हाला पसंत नाही," ते म्हणाले. "मी घरात असलो की तुम्ही नाहीसे होता. कालच दामिनीला म्हणालो, बंगळुरूला हो कळवून टाकतो."

मी विचारले, कळवले का? ते म्हणाले, उद्या सकाळपर्यंत मुदत आहे. मग डबा घेऊन खाली गेले. पुढे काय ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पत्र इथे थांबवतो.

तुझा,
वामन

ता. क. : खरे काम लिहायचे राहिले. तुझ्या माळ्यावर जुना राउटर आणि वायरची गुंडाळी आहे. वापरलेली वस्तू नवीन धरत नाहीत. वंदना विचारेल, तेव्हा "कॉलनीत पडून होती" असे सांग. धूळ पुसू नकोस.

ता. क. दुसरा : वायर राहू दे. आज सकाळी साहिलरावांनी बंगळुरूला "येत नाही" असे कळवले. मग आपले टेबल आणि ते खेळाचे यंत्र खाली बैठकीत, राउटरजवळ आणले. दामिनीने आमच्या खोलीत तिचे कपडे लावले. वंदना आणि मी गादी घेऊन वर आलो. वर नेट येत नाही, वंदनाची मालिका बंद आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही. कपाट मात्र खालीच अडकले आहे. गुडघा बरा असेल तर रविवारी ये, दोघे मिळून चढवू. साहिलराव मदत करणार होते, पण त्यांची मीटिंग लागली आहे आणि चित्र व्यवस्थित चालू आहे.