चौथा खांदा

॥ श्री बिंदुमाधव प्रसन्न ॥
बालाजी घाट, वाराणसी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शरदिनी हिस विष्णुदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र. गुडघा सोडला तर तब्येत ठीक. झोप मात्र गेली, आणि ती घालवली तुझ्या लाडक्या ईशानीने.

माझी ही नात संगीत नाटक बसवते आहे. मला वाटलं देवादिकांचं असेल. हौसेने जुनी पेटी दुरुस्त करून आणली. काल तालमीला गेलो तर मंचावर तिरडी! एक मुलगी बापाचं प्रेत घेऊन निघालीय, खांदेकरी तीनच, आणि दारोदार गात चौथा खांदा मागतेय. एकेक दार बंद होतं, तेही गाण्यातच. शेवटपर्यंत कुणी येत नाही. तिरडी तिरकी तशीच उभी, दिवे जातात, संपलं. प्रेत पेंढ्याचं आहे, पण मला पाहवेना.

हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. करोनात माझा विश्वेश गेला, तेव्हा त्याला नावेपर्यंत न्यायला मी, त्याची ही पोर आणि बाळू नावाडी, तिघेच होतो. गल्लीत एक खिडकी उघडली नाही. दिवसच भीतीचे होते, दोष कुणाला द्यायचा? पण ईशानी विसरलेली नाही. प्रयोग गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये, बघायलाही तीच गल्ली. समोरचे श्रीराम पुराणिक मंडळाचे चिटणीस. परवा दारात उभे राहून म्हणाले, सुना है पोरीने आमची दारं नाटकात घातली आहेत. बवाल झाला तर हॉलला कुलूप लावीन.

मी तिला म्हटलं, बाई, शेवटी एकजण तरी आला असं दाखव. तिने उलट विचारलं, आजोबा, कोण आलं होतं?

आता माझा घोर ऐक. मी ऐंशीला टेकलो. हिने गल्ली तोडली तर उद्या मला कोण उचलणार? हसू नकोस. तुझं ती ऐकते. तूच लिही.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा दादा
विष्णु

इंदूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास शरदिनीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हसू नको लिहिलंस तिथेच हसले. सातवीत नापास झालास तेव्हाही तू आधी आपल्या अंत्ययात्रेचीच काळजी केली होतीस. अण्णा मारतील, मग मला उचलणार कोण, म्हणून कोठीत लपला होतास.

ईशानीला मी लिहिलं. तिचं उत्तर आलं की चाल बदलीन, शेवट नाही. मग मीही आग्रह सोडला. दादा, बाप गेल्यावर ती पोर रडली नव्हती, आठवतं ना? आज गाते आहे तर गाऊ दे.

तू एक कर. कार्याचं बोलावणं करतात तसं अक्षत घेऊन पुराणिकांकडे जा. हातात अक्षत पडलेला माणूस कुलूप घालत नाही. पुढच्या रांगेत बस, धुतलेलं धोतर नेस आणि खोकत बसू नकोस. पुढे काय झालं ते सगळं कळव.

आशीर्वाद असावेत, रागावणंही असावं.

तुझी
शरदिनी

॥ श्री बिंदुमाधव प्रसन्न ॥
बालाजी घाट, वाराणसी
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. शरदिनी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षत घेऊन पुराणिकांच्या पायरीपर्यंत गेलो आणि परतलो. तिरडीच्या नाटकाला अक्षत कशी द्यायची? लग्नाला बोलावणं असतं. मरणाला नसतं, कानावर आलं की निघायचं.

काल दिवेलागणीला प्रयोग झाला. हॉल भरला होता. पुराणिक न बोलावता आले, शेवटच्या रांगेत दाराशी बसले. माझं अर्धं लक्ष मागेच. दारं बंद होण्याची गाणी लागली तशा खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी म्हणालं, बस करो. ईशानी थांबली नाही. तिरडीचा पुढचा दांडा तिच्याच खांद्यावर होता. तशी ती तिरडीसकट खाली खुर्च्यांमध्ये उतरली आणि गायली, तीन खांदे झाले, चौथा कोण देतो? पहिल्यांदा कुणी हललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मागे खुर्ची सरकली. पुराणिक उठले. मी डोळे मिटले, म्हटलं आता कुलूप.

उघडले तर त्यांनी चपला काढल्या होत्या. अनवाणी चालत आले आणि मोकळ्या दांड्याखाली खांदा दिला. पेटीवाला थांबला, नाटकात हे नव्हतंच. मग माणसं उठत गेली, खऱ्यासारखा खांदा बदलत गेली. ‘राम नाम सत्य है’ कुणी सुरू केलं कळलं नाही. तिरडी हॉलबाहेर पडली, गल्लीतून पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन टेकली. एवढ्या थंडीत सगळ्यांनी गंगेत बुडी मारली आणि ओल्या अंगाने आपापल्या घरी गेले. टाळी एकानेही वाजवली नाही. हॉलमध्ये राहिलेला युनिव्हर्सिटीचा एक मास्तर मला विचारत होता, हे बसवलेलं होतं का.

मला धसका, की पोरीचं नाटक मोडलं, शेवट झालाच नाही, आता घरी काय ऐकावं लागतंय. गुडघ्यामुळे मी सगळ्यांच्या मागून पोचलो. ईशानी उंबऱ्यात उभी होती. केस ओले, डोळे सुजलेले, हातात कडुनिंबाची डहाळी, पायाशी पाण्याची बादली.

“आजोबा, अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही.”

दारातच अंगावर पाणी घेतलं. फार कढत होतं. कडुनिंबाचं पान चावलं आणि आत गेलो.

येत जा, लिहीत जा, विसरू नकोस.

तुझा दादा
विष्णु

ता. क. पुराणिकांच्या चपला हॉलमध्येच राहिल्या होत्या. आज सकाळी ईशानी स्वतः देऊन आली. बराच वेळ लागला. चहा घेऊन आली म्हणे.