एक चांदीचे, एक पितळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा चष्म्याचा, राहणार दुकानामागच्या खोल्यांत, आज सकाळी चहा घेऊन, दाढी करून आणि धुतलेला शर्ट घालून हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचलो, आणि जाता जाता त्यांच्या चष्म्याची डावी काडी सैल झाली आहे हेही दाखवून दिले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर माझ्याच मनाचा आहे, आणि तो कलम सातमध्ये येईल.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण एक गोष्ट गाळली होती.

कलम एक. दुकानामागच्या दोन खोल्या आणि वरची माडी मुलाला व मुलीला निम्मी-निम्मी. मुलगा परगावी असतो. त्याला आपला हिस्सा विकायचा असल्यास आधी बहिणीला विचारावे. विचारावे म्हणजे समोर बसून विचारावे, बायकोकरवी निरोप धाडू नये.

कलम दोन. दुकान, त्यातली यंत्रे आणि बाहेरची पाटी मुलीची. एकोणीस वर्षे तीच डोळे तपासते आहे आणि माझ्यापेक्षा चांगले तपासते. हे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. ती अर्ध्या बाह्यांचा कोट घालते. त्यावरून आमचे अनेकदा वाजले. “बाबा, लोक डोळे तपासायला येतात, तुमच्या बाह्या बघायला नाही,” असे ती म्हणते. इथे मात्र तिचे चुकते.

कलम तीन. बँकेत असेल ते दोघांनी वाटून घ्यावे. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम चार. माझे चौदा शर्ट. सगळे पांढरे, सगळे फ्रेंच कफचे. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. या शर्टाचा कफ दुप्पट लांब असतो आणि त्याला शिवलेले बटण नसते. तो उलटून दुमडायचा आणि सगळ्या थरांच्या काजांतून सुटे बटण ओवायचे. त्या बटणाला कफलिंक म्हणतात, पण आमच्या घरी बटणच म्हणत आले. असा शर्ट लोक लग्नात किंवा फोटोपुरता घालतात. मी चौपन्न वर्षे रोज दुकानात घातला. माझा साडू भेटेल तेव्हा विचारायचा, “आज कुणाचं लग्न?” चौपन्न वर्षांत त्याला दुसरा विनोद सुचला नाही. त्याला मी काही ठेवत नाही.

कारण साधे आहे. डोळे तपासताना मी गिऱ्हाइकाचा चष्मा काढून घेतो. त्यानंतर त्याला माझा चेहरा दिसत नाही, भिंतीवरची अक्षरे दिसत नाहीत, समोर बसलेली बायकोसुद्धा दिसत नाही. दिसते ती फक्त नाकापासून वीतभर अंतरावर हलणारी माझी बाही. ज्याला बाकीचे जग धूसर दिसते आहे, त्याच्या डोळ्यांसमोर निदान एक गोष्ट तरी स्वच्छ असावी, एवढाच माझा आग्रह होता. शर्ट ज्याला बसतील त्याने घ्यावेत. कफ कापून साध्या बाह्या करून घेतल्या तरी माझी हरकत नाही. करताना मला आठवू नये म्हणजे झाले.

कलम पाच. चांदीची दोन बटणे. ही दुकान उघडले त्या दिवशी बायकोने दिली. नाण्याएवढ्या दोन गोल चकत्या, मधोमध प्रत्येकी एक बारीक रेघ. रेघ मी मागितली नव्हती, तिला सुचली. तेव्हापासून जवळचे तपासताना मी म्हणत आलो, “माझ्या बटणाकडे बघा. त्यावर काय आहे?” काही नाही म्हणाले तर भिंग बदलायचे. रेघ आहे म्हणाले की नंबर बरोबर. डावी बाही मी स्वतः लावतो. उजवी एकट्याने लावता येत नाही. ती चाळीस वर्षे बायकोने लावली. ती गेल्यापासून मुलगी लावते, कुरकुर करत. ही बटणे कोणाला द्यायची ते पुढे लिहिले आहे.

कलम सहा. तपासणीच्या भिंगांची लाकडी पेटी मुलीला. आत निळी मखमल आहे आणि प्रत्येक भिंगाला त्याच्या नंबराची खाच. यंत्र आल्यापासून ती पेटी अडगळीत टाकायला निघाली आहे. टाकू नये. शेवटची, वीस नंबरची खाच मोकळी आहे. ते भिंग फार पूर्वी फुटले. इतका मोठा नंबर वर्षानुवर्षे कोणाला लागत नाही, म्हणून मी दुसरे आणले नाही.

कलम सात. हे कलम सर्वांनी नीट वाचावे.

बावीस वर्षांपूर्वी दुकानासमोरच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाली बसायची. फ्रेंच कफला इस्त्री करणे येरागबाळ्याचे काम नाही. आधी कफ उलगडून दोन्ही अंगांनी फिरवायचा, मग घडी नेमकी शिवणीवर आणायची. केसभर सरकली की काजे एकमेकांसमोर येत नाहीत. तिच्या हातून ती कधी सरकली नाही. एका संध्याकाळी मी शर्ट काढून गाठोड्यात टाकला, गाठोडे तिच्याकडे गेले आणि सकाळी बघतो तर उजव्या बाहीचे चांदीचे बटण नाही. मी धरून चाललो की ते कफातच राहिले आणि तिने ठेवून घेतले. मी तडक जिन्याखाली गेलो आणि तीन गिऱ्हाइकांसमोर तिला तसे बोललो.

तिने इस्त्री आडवी ठेवली होती ती उभी केली आणि म्हणाली, “घ्यायचं असतं तर दोन घेतली असती, साहेब. एका बटणाने कुणाची बाही लागते?”

मी आवाज चढवला.

घड्याळवाल्याने मला जुन्या घड्याळाच्या पितळेतून तसेच एक बटण करून दिले. तेव्हापासून माझ्या एका मनगटावर चांदीचे आणि दुसऱ्यावर पितळी. साहजिकच जो तो विचारायचा, की हे असे कसे? सुरुवातीला मी म्हणायचो, इस्त्रीला गेले होते, हरवले. पुढे हरवलेचे लांबवले झाले. मी रोज वीस-पंचवीस जणांच्या नाकासमोर ते पितळी बटण धरत होतो आणि प्रत्येकाला त्या बाईची बदनामी सांगत होतो. दोन महिन्यांत इमारतीतले कपडे तिच्याकडे जायचे बंद झाले. तिने टेबल उचलले आणि रस्त्याच्या पार टोकाला, पत्र्याच्या आडोशाला नेऊन मांडले.

माझ्या बायकोने मात्र आपले कपडे दुसऱ्या कोणाला दिले नाहीत. दर आठवड्याला गाठोडे काखेत मारून ती रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायची, गुडघे दुखायला लागल्यावरसुद्धा. मला वाटे, हे मला हिणवायला चालले आहे. एकदा मी तसे म्हणालो. ती म्हणाली, “अहो, तुमचं बटण सापडेल तेव्हा मला सांगा.” चौदा वर्षांपूर्वी ती गेली.

त्यानंतर तीन वर्षांनी एक गृहस्थ आले. त्यांना अठराचे भिंगही पुरेना. वीसची खाच मोकळी आहे हे विसरून मी पेटीत बोट घातले. बोटाला गार लागले. आत बटण होते.

मग सगळे आठवले. त्या संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी एक आजीबाई आल्या होत्या. माझ्या बाहीवरची रेघ त्यांना दिसेना, म्हणून मी बटण काढून त्यांच्याच हातात दिले होते, की तुम्ही जवळ-लांब करून बघा. बघून झाल्यावर त्यांनी ते परत दिले आणि मी ते खाचेत ठेवले. माझ्या धंद्यात हातात गोल चकती आली की हात ती पेटीत ठेवतो, विचारत नाही. पेटीत तेवढी एकच खाच मोकळी होती.

ही झाली चूक, आणि चूक कोणाचीही होते. पण बटण सापडल्याला आज अकरा वर्षे झाली. मी ते कपाटात कागदात गुंडाळून ठेवले आणि पितळीच घालत राहिलो. दोन्ही चांदीची घातली असती तर लोकांनी विचारले असते की सापडले कुठे. अकरा वर्षे मी रोज सकाळी मुलीसमोर हात पुढे केला, आणि तिने ते पितळी बटण लावून दिले. मला याची लाज वाटते. इतकी वाटते, की जिला सांगायचे होते ती बायको आधीच गेली याचे एखाद्या दिवशी बरेही वाटले. तीही लाज इथेच लिहून ठेवतो.

सबब, मी असे लिहून ठेवतो की त्या बाईंनी माझे काहीही घेतले नव्हते. <s>दोन्ही चांदीची बटणे माझ्या पश्चात त्यांस द्यावीत.</s> हे कलम मुलीने दुकानात, गिऱ्हाइके असताना, मोठ्याने वाचावे.

कलम आठ. वरचे कलम लिहून झाल्यावर लिखाण चार दिवस थांबले होते. कारण असे की कच्चा कागद मी वकीलबाईंना दाखवला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक कायद्याची, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये, पुढे वाद होतात. दुसरी कायद्याची नव्हती. “काका, तुम्ही गेल्यावर हे वाचायचं म्हणजे माफी मागायचं काम तुम्ही मुलीवर टाकताय,” त्या म्हणाल्या.

मला राग आला. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कागदातले बटण काढले आणि मुलीसमोर ठेवले. तिचा हात थांबला. कुठे होते, एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, वीस नंबरच्या खाचेत. त्या दिवशी तिने कुरकुर न करता उजवी बाही लावली आणि डावीही तिनेच लावली.

रस्त्याचे टोक मला वाटले होते त्याहून लांब आहे. बायको तिथे कशी जात असेल कोण जाणे. इस्त्रीवाली आता सत्तरीची आहे. डोळ्यांवर चष्मा आहे, दुसऱ्या दुकानातला, आणि डावीकडे कललेला. तिथेही तीन-चार माणसे कपड्यांसाठी उभी होती. ती माणसे जाईपर्यंत थांबावे असे क्षणभर मनात आले. मग तिला मी किती जणांसमोर बोललो होतो ते आठवले आणि मी कागद काढून कलम सात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.  ती शर्टाची कॉलर इस्त्री करत होती. ती तिने पुरी केली, मग इस्त्री उभी ठेवली.

मी म्हणालो, “बाई, माझं चुकलं. आणि कळल्यावर गप्प बसलो, ते जास्त चुकलं.”

 मग तिने माझे दोन्ही हात बघितले आणि म्हणाली, तुमच्या मालकीण सांगायच्या, सापडेल म्हणून. मी बटणे काढायला लागलो, तेव्हा तिने हातानेच नको म्हटले. एकाचा तिला उपयोग नव्हता, तसा दोनांचाही नाही, असे तिचे म्हणणे पडले. मग कागदाखाली कोण सह्या करणार, असे तिने विचारले. मी म्हणालो, घड्याळवाला आणि डॉक्टर. तुम्हाला सही करता येणार नाही, कारण तुमचे नाव वर आहे, तुम्हाला बटणे मिळणार आहेत. वकीलबाईंनी सांगितलेला नियम मी तिला समजावून दिला.

“मग मला वरून काढा,” ती म्हणाली, “आणि खाली घाला.”

त्याप्रमाणे कलम सातमधील एक ओळ मी माझ्या हाताने खोडली असून खोडाखोडीशेजारी सही केली आहे. बाकी कलम जसेच्या तसे राहील आणि मुलीने ते वाचावेच. चांदीची बटणे मुलीला. त्यासाठी तिने पूर्ण बाह्या घालाव्यात अशी माझी अट नाही. फक्त ती त्या पेटीत ठेवू नयेत. पितळी बटण घड्याळवाल्याला मी आजच हातोहात परत देतो आहे, म्हणजे त्याच्या साक्षीला बाध नाही.

कलम नऊ. मला नेताना जो शर्ट घालाल त्याला इस्त्री रस्त्याच्या टोकाला करून घ्यावी. ती हो म्हणाली आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली. यापुढे माझ्याकडून गाळलेले काही राहिलेले नाही.

ठिकाण: दुकान, तपासणीच्या खुर्चीत बसून.
तारीख: वर शिक्का आहे तीच. वार सोमवार, दुकान उघडे.

(सही) चष्मेवाला

साक्षीदार पहिला: घड्याळवाला. चष्मेवाल्यांनी माझ्यासमोर सही केली. पितळी बटण मिळाले. मला ते नको होते, पण घेतले.
(सही)

साक्षीदार दुसरी: इस्त्रीवाली. साहेबांनी माझ्यासमोर सही केली. कलम सात मी स्वतः वाचलं. सही करताना दोन्ही बाह्यांना चांदीचीच बटणं होती. मी बघितली.
(सही)