बाहेरून कडी

४ फेब्रुवारी
पोहोचलो एकदाच्या. ट्रकमध्ये पुढे मी आणि आई, मागे सामान. रस्ताभर आई एकच म्हणत होती, की एवढी शिकलीस ती ह्या आडरानात यायला का. घर मात्र झकास आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, खिडकीतून नदी दिसते. वरच्या खाणीचा गाळाचा बांध फुटला तेव्हा ही नदी तांबडी वाहत होती म्हणे. आता खाण बंद आहे, गाळ उपसलाय, नदीचंच पाणी तपासून त्याचे नळही बसवलेत. फक्त इथले मूळचे लोक त्या नळांना हात लावत नाहीत. बायका डोंगरावरच्या झऱ्यावरून हंडे आणतात. त्यांची भीती घालवायची, हे माझं काम. बडबड करायचा पगार मिळतो, यावर आईचा अजून विश्वास बसत नाही.

मागच्या खोलीला कडी बाहेरून आहे. बसवताना सुताराची तंद्री लागली असावी.

८ फेब्रुवारी
सगळ्याच घरांत तसंच आहे. शेजारच्या सुईणबाईंनी सांगितलं. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातांवर जन्मलेली, त्यामुळे बाप्यांनाही त्या अरेतुरे करतात. गाळ आला त्यानंतर नदीचं पाणी पिणाऱ्यांना राग चढायला लागला, म्हणाल्या. साधासुधा नाही, माणूस घरच्यांच्याच जिवावर उठतो. म्हणून इथे भेटल्यावर लोक 'बरं आहे ना' विचारत नाहीत, 'राग आला का' विचारतात. आला असला तर माणूस खरं सांगतो, आपल्या पायांनी मागच्या खोलीत जातो आणि घरचे कडी लावतात. त्याला कुणी नावं ठेवत नाही. जेवण खिडकीतून देतात.

काल आईला म्हटलं, ही पद्धत आपल्याकडे असती तर बाबांचा जन्म आतच गेला असता. आई हसली नाही. आज सकाळी हंडा घेऊन बायकांबरोबर झऱ्यावर गेली, गुडघे कुरकुरत असताना.

१७ फेब्रुवारी
नुसत्या बोलण्यानं भागेना, तेव्हा मी रोज सकाळी चौकातल्या नळापाशी सगळ्यांसमोर पाणी पिऊन दाखवते. तांब्याभर, गटागटा. चव किंचित गोडसर आहे. लोक थांबतात, बघतात आणि हळहळत निघून जातात. आमच्या कचेरीतले साहेब माझ्यावर खूश आहेत. स्वतः मात्र बाटलीतलं पितात, पोट नाजूक आहे म्हणून. घरी आई तेवढी धुसफुसते.

२ मार्च
आज सुतारानं माझ्या हातातला पेला घेतला आणि प्यायला. त्याची बायको पोटुशी आहे, तिला हंडे उचलवत नाहीत. शेजारपाजारच्या बायका आणून देतात ते झऱ्याचं पाणी तिला पुरावं, म्हणून तो स्वतः नळाचं पिणार. गावातल्या सगळ्या कड्या त्यानंच बसवल्यात. मी त्याला समजावलं, की राग वगैरे मनाचे खेळ आहेत, कुणी विचारलं तर बेधडक नाही म्हणायचं. फार बरं वाटलं मला. एक माणूस तरी पटला.

१४ मार्च
झोप उडाली आहे. आई कपात चमचा फिरवते तो आवाज दातांत शिरतो. आज तो कप तिच्या हातून हिसकला आणि भिंतीवर फोडला. तिनं हळूच विचारलं, राग आला का गं. मी नाही म्हटलं. बेधडक.

२१ मार्च
सुतारानं सख्ख्या भावाला मारलं. मी समोर होते. भाऊ फळी धरून उभा होता, जरा तिरकी धरली म्हणून सुतारानं हातोडा घातला. तो पडल्यावरही घालत राहिला, तोंड ओळखू येईना तोवर. चौघांनी मिळून आवरला, तर एकाच्या मनगटाचा लचका तोडला. सकाळीच त्याला विचारलं होतं. नाही म्हणाला होता.

साहेबांनी घरगुती भांडण म्हणून कळवायला सांगितलं. मला रडू यायला हवं होतं. मी विचार करत होते, की फळी सरळ धरायला काय झालं होतं त्याला.

२४ मार्च
साहेब बाटली तोंडाला लावून उभे होते. ती बाटली मी तळव्यानं आत ठोकली. दात पडले. मग खुर्ची. किती वेळा ते आठवत नाही. मला छान वाटलं, हे लिहिते आहे कारण ते खरं आहे.

बायकांनी मला घरी आणलं. सुईणबाई म्हणाल्या, हिला आत घाला. आई दारात आडवी. म्हणाली, नदीचं सगळं खरं असेल, पण ही माझ्या पोटची आहे, मला काय करणार ती. सुईणबाई म्हणाल्या, सुताराची आईही त्या सकाळी हेच म्हणाली होती.

कडी आईनंच लावली, रडत.

२६ मार्च
खिडकीत झऱ्याचं पाणी. उतरतो कुणाकुणाचा राग, असं सुईणबाई म्हणतात. मीच आईला बजावलंय, कितीही हाका मारल्या तरी उघडायचं नाही.
दार कुरतडलं. नखं गेली.

२७ मार्च
आईला हाका मारल्या. ताप आला की लहानपणी मारायचे तशा. राग उतरला म्हटलं. शांत आवाजात — खोटं आहे ते मला माहीत होतं — आई, उघडू नकोस, असंही म्हणायचं होतं —

उघडलं तिनं. ताट आणलं. भरवलं. मग केस विंचरायला बसली.
गुंता होता. ओढला गेला —
एवढंच —

आई खाली पडली आहे. डोकं भिंतीशी. भिंत सगळी —
श्वास आहे. डोळे उघडे. तिचा दात माझ्या मुठीत रुतलाय, रक्त येतंय. ते बघून म्हणाली, लागलं का गं तुला.
मला विचारते. मला —
सुईणबाईंना हाक मारायला हवी. मारते. लगेच —
पुन्हा तेच विचारते आहे. गप बस ना आई. गप बस, मला परत —