मेंढरांच्या वाड्याला गोळ्यांचं तोरण

॥ खंडोबाराया प्रसन्न ॥

मांडवगण फराटा,
ता. १६ आक्टोबर १९६१

चि. सौ. गिताबाईस,
थोरली बहीण तानुबाईचा आशीर्वाद. हिकडं समदी खुशाल. तिकडची खुशाली कळवत जावी. दोन महिन्यांनी एक कारड म्हंजी तू बहीण हायेस का पाव्हणी?

तुझं पत्र पावलं. गणपतीत तुमच्या रेल्वेच्या चाळीत तू गोळ्यांची आरास केलीस आन् लोक बघाय आलं, हे तू दीड पान लिवलंस. शेजारची फरीदा शिकवती, तिचा नवरा अयुब ठेसनाजवळ गोळ्या-बिस्किटं इकतो, समदं कळलं. खायची वस्तू भिंतीला टांगायची आन् मुंग्यांना जेवाण घालायचं, त्यात बघण्यासारखं काय हुतं ते मला उमगलं न्हाई. पर तुला लहानपणापासनं चकाकतं तेवढंच आवडतं. असू दे.

आता माझं ऐक. आमच्या सूनबाईनं, पुतळीनं, डोकं खाल्लंय. दरसाल वसुबारस आली की ती पोरीला घिऊन राहूला म्हायेरी जाती आन् भाऊबीज करून येती. ते बरं हुतं. औंदा म्हणती, हौसा पाचव्यात लागली, तिनं आपल्या घरची दिवाळी कवा बघितली न्हाई, दिवाळी फकस्त राहूलाच असती असं पोरांना सांगत फिरती. म्हणून औंदा हितंच ऱ्हाणार आन् दारात पणती लावणार. मी न्हाई म्हणलं. तर म्हणती, मग मी राहूलाच ऱ्हाते, पोरीला तिथंच साळंत घालते, तुम्ही बसा अंधारात. अशी तोंडावर. मच्छिंद्र शेजारी मान खाली घालून जेवत हुता. बायकू बोलाय लागली की आमच्या लेकाला भाकरीत लई रस येतो.

तुला ठावं हाय दिवाळी का पडली. माझं धाकटं पोरगं पाडव्याला गेलं. सकाळी मेंढरं ओवाळली आन् दुपारी कडबा काढताना पान लागलं त्याला, साप कुणाला दिसलाबी न्हाई. ज्या सणाला घरातलं माणूस जातं तो सण त्या घराला पडतो. त्याच सणाला घरात पोर जलमलं न्हाईतर गाय व्याली, तरच परत धरायचा. हे मी काढलेलं न्हाई, आपल्या आईनं पाळलं, सासूनं पाळलं. आमच्याकडं गाय न्हाई आन् पुतळीला सध्या दिवस न्हाईत. मग मी काय करू? तू तिला चार शब्द लिव. माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकती.

दाजीबांना नमस्कार. पोरांवर ओरडत जाऊ नगस, तुला ओरडाय जमत न्हाई. लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे.

तुझी आक्का,
तानुबाई

•

दौंड,
ता. २४/१०/६१

ति. सौ. आक्कास,
गिताचा साष्टांग नमस्कार. गेणबादाजींनाही सांगणे.

पत्र वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे हसले आणि म्हणाले, तुझ्या बहिणीचं पत्र उघडताना आधी खिडकी लावून घेत जा, चाळ ऐकती.

पुतळीला मी लिहिलं, पण तुला पाहिजे ते लिहिलं नाही. राहूला राहायचं बोलू नकोस एवढं बजावलं, आणि बाकी ती चुकीचं बोलत नाही असंही लिहिलं. आता मला शिव्या दे. पोरगी राहूला शाळेत गेली तर तू घरात कुणावर ओरडशील? दाजी तर ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात.

आक्का, सण धर असं मी म्हणत नाही. पणती लावू नको, फराळ करू नको. पण जयसिंगमामा इकडं आले होते, त्यांच्या हाती एक पिशवी धाडली आहे. त्यात गोळ्यांचं तोरण आहे. फरीदाभाभी आणि मी दोन दुपारी बसून केलं. अयुबभाईच्या बरणीच्या तळाला ज्या गोळ्या दबून वेड्यावाकड्या होतात त्या गिऱ्हाईक घेत नाही, त्या भाभी मला देती. तिच्याकडं ईदेला असलं करतात. गोळीला भोक पाडायचं नाही बरं का. कागदाला दोन्ही बाजूंनी पीळ असतो, त्या पिळाच्या शेपटाला दोरा बांधायचा. मग मुंगी लागत नाही. तुझ्या मुंग्यांना जेवाण मिळायचं नाही, वाईट वाटून घेऊ नको.

तोरण म्हणजे सण नव्हे, खाऊच आहे. मावशीआजीनं नातीला खाऊ धाडला, आणि तो टांगून ठेवला. ह्यात कुणाचा विटाळ झाला? हौसाला माझा पापा. आठवण ठेवून दोन ओळी धाडणे, शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी,
गिता

•

मांडवगण,
ता. १ नवंबर

चि. सौ. गिताबाईस आशीर्वाद.

पिशवी पोचली. जयसिंगमामा नदी उतरून आला आन् चा पिऊन गेला, तवा त्याच्या म्होरं काय बोलले न्हाई. तो गेल्यावर बोलले. तुझं नाव घिऊन बोलले, उचकी लागली आसंल.

मला काय खुळी समजलीस? तोरण ते तोरण. दारावर तोरण बांधलं आन् त्याला खाऊ म्हणलं, तर उद्या पणतीला चूल म्हणशील. काम मातूर बरं हाय. मी समद्या गाठी वढून बघितल्या, एकबी सुटली न्हाई. पाच लाल गोळ्यांचं कमळ केलंय ते फरीदाचंच आसणार, तुझ्या हाताला एवढी सबूर कवाच नव्हती. तिला माझा निरोप सांग, गाठ चांगली हाय.

मी तोरण जोंधळ्याच्या कणगीत घातलं आन् वर पाटी उपडी मारली. दुसऱ्या दिवशी बघते तर कणगी मोकळी. पुतळीनं ते काढून मेंढरांच्या वाड्याला बांधलं. पेंढ्याचं कूड, बाभळीचा झाप, आन् त्याच्यावर तुझं लाल-हिरवं-सोनेरी लोंबतंय. उन्हात असं चमकतंय की रस्त्यानं जाणारी गाडी थांबती. मी इच्यारलं, ही काय थेरं? तर म्हणती, आत्याबाई, सण घराला पडलाय, वाड्याला कुठं पडलाय? अशी वकील सून मी घरात आणली, माझीच अक्कल.

मी वढून काढणार हुते. हे वाड्यात मेंढरांना पाला टाकत हुते. ह्या माणसानं चार वर्सांत सणावारी कवा तोंड उघडलं न्हाई. म्हणाले, ऱ्हाऊ दे. दोनच शब्द. म्हणून ऱ्हाऊ दिलं. हौसा सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन मान वर करून उभी ऱ्हाती, तोडत न्हाई, नुसती बघती. पुतळी अजून राहूला निघाली न्हाई. म्हणती, लक्ष्मीपूजनापस्तोर वाट बघते, घरात उजेड दिसला तर ऱ्हाते, न्हाईतर पाडव्याला पहिली गाडी. म्हंजी माझ्यावरच टाकलं.

मेंढरंबी आता मूठभर ऱ्हायलीत. पोरगं गेल्यावर बाकीचा कळप इकला आन् कांद्या-उसाला लागलो. एक भोरी मेंढी गाभण हाय, तिला अजून पंधरवडा हाय. बाकी ठीक. तुझ्यावर राग हाय, तरी लोभ कमी करू नगस.

आक्का

•

दौंड,
ता. ४/११/६१

ति. सौ. आक्कास साष्टांग नमस्कार.

राग पावला. फरीदाभाभीला निरोप सांगितला, ती लाजली, म्हणाली तुझ्या बहिणीनं कौतुक केलं म्हणजे मोठीच गोष्ट.

आक्का, एक लिहिते, फाडून टाकलंस तरी चालेल. मागं एकदा मी पत्रात तुझ्या धाकट्याचं नाव लिहिलं, तर तू सहा महिने पत्र धाडलं नाहीस. तेव्हापासून मी नाव लिहीत नाही. पुतळी सांगत होती, तुमच्या घरात पण कुणी काढत नाही. चाळीत माझा धाकटा कधी तोंडानं टकटक करतो, तेव्हा मला तोच आठवतो, आणि मी इथंही कुणाला सांगत नाही. सण बंद ठेवलास ते रीतीसाठी, हे मला मान्य. पण रीत म्हणती, जन्म झाला तर धरा. तसा जन्म झाला तर तू धरशील का? तेवढं मला सांग. तू नाही म्हणालीस तरी मी तुझीच.

तोरणाच्या खालच्या झालरी जरा वर बांधा, मेंढरं ओढतील.

पोरांचे नमस्कार घेणे.

गिता

•

मांडवगण,
भाऊबीज, ता. १० नवंबर १९६१

चि. सौ. गितास अनेक आशीर्वाद.

झालरी वर बांधा म्हणलीस, ते कारड आज पोचलं. तवर झालर भोरीच्या पोटात गेली.

झालं असं. लक्ष्मीपूजनाला मी पणती लावली न्हाई. पुतळीनं बघितलं आन् पोरीची कापडं बांधून ठिवली. पाडव्याला तांबडं फुटताना मी वाड्यात गेले तर भोरी मागच्या पायावर उभी, आन् तोरणाची अर्धी झालर कागदासकट चावतीया. तिच्या जबड्यात बोट घालून मी कागद काढला, लाल निघाला, हिरवा निघाला, सोनेरी निघालाच न्हाई. मग ती खाली बसली आन् कण्हाय लागली. पुतळी बोचकं घिऊन दारात आलेली, तिनं बोचकं कुडाला टाकलं आन् भोरीचं डोकं मांडीवर घेतलं. मी तिला म्हणलं, तुझ्या तोरणानं माझी मेंढी मेली तर तुला राहूला मीच पोचवीन. ती रडाय लागली. मी म्हणलं, रडू नगस, पोट चोळ.

दिवस कासराभर वर आला तवा कोकरू झालं. पंधरवडा आधी, पर चांगलं. आईच्या तोंडाखाली उभं ऱ्हायलं. पुतळी माझ्याकडं बघती, मी भुईकडं बघते. दोघींनाबी ठावं हुतं आज पाडवा हाय. खरं सांगते, मला आनंद झाला न्हाई. मला जलम नकोच हुता. रीत हुती म्हणून मला कुणाला काय सांगावं लागत नव्हतं, माझ्या मनात दिवाळी न्हाई असं म्हणावं लागत नव्हतं. आता बोलावं लागणार.

मी तोंड उघडायच्या आधी शेजारची सखूबाई कुडावरनं डोकावली. तिला कुणी इच्यारलं हुतं? म्हणाली, मेंढी धरत न्हाईत, गाय पायजे न्हाईतर घरची बाई पायजे. त्यातनं गोळ्या चारून वढून आणलेला जलम, त्याला काय अर्थ? मेंढरू ते मेंढरू.

गिते, माझ्या अंगाची लाही झाली. मी उठून उभी ऱ्हायले. मी म्हणलं, मेंढरू ते मेंढरू कुणाला म्हणतीस? आमच्या अंगावरचा कुडता मेंढीच्या लोकरीच्या पैशाचा, आमचं घोंगडं तिचं, सासऱ्याचं लगीन तिच्या दुधा-लोकरीवर झालं. तुझ्याकडं गाय ही लक्ष्मी आसंल, आमच्याकडं ही हाय. पाडव्याला आम्ही गाय ओवाळत न्हाई, हिला ओवाळतो. आन् वढून आणलेला म्हणतीस, तर तुझा थोरला सातव्या महिन्यात झाला, त्याचं बारसं तू का केलंस? त्यो जलम धरला का न्हाई धरला?

बोलून झालं आन् मी बघितलं, तर पुतळी माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघतीया. हे झापाजवळ उभे. मच्छिंद्र उभा. मीच बोलले हुते. आता मेंढी धरत न्हाई असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार हुते? सखूबाई जितली आसती की.

मी म्हणलं, दूध आणा. पुतळी उठली ती पळतच. वाड्याच्या म्होरं गवऱ्या पेटवल्या, मडक्यात दूध ठिवलं, ते उतू गेलं आन् पूर्वेला सांडलं. यांनी मेंढरांना गेरू लावला. सखूबाईला मी बोलावलं, आली, आन् ओवाळताना माझ्यापेक्षा मोठ्यानं गाणं म्हणली. संध्याकाळी दारात पणत्या. तुझं ऱ्हायलेलं तोरण पुतळीनं घराच्या दाराला आणलं, आता ते अर्धंच हाय, एका बाजूला ढळतंय.

मला भीती हुती की पणत्या लागल्या की त्याचा दिवस जाईल. आजवर पाडवा आला की घर अंधारं असायचं, ते त्याच्यासाठी आसतं असं मला वाटायचं. तर हौसानं इच्यारलं, आज्जे, आपल्याकडं आधी का न्हवती दिवाळी? मी म्हणलं, तुझा चुलता हुता, ज्ञानू, म्हणून. तर पोरगी म्हणती, कोण ज्ञानू? गिते, चार वर्सं मी त्याच्यासाठी अंधार केला आन् माझ्या नातीला त्याचं नाव ठावं न्हाई.

मग मी सांगाय बसले. की तो शिट्टी घालायचा आन् मेंढरं यायची. हे पडवीतनं म्हणाले, शिट्टी न्हाई, जिभेनं टकटक करायचा. ह्या माणसाच्या तोंडातनं त्याच्यावर निघालेला हा पहिला शबूद. मी म्हणलं, शिट्टी. हे म्हणाले, टकटक, आन् करून दाखवलं. वाड्यात मेंढरं उठून उभी ऱ्हायली. मग भांडण झालं, कारण मला अजून शिट्टीच आठवती.

पुतळी राहूला गेली न्हाई. भावाला निरोप धाडला, तो आजच येणार हाय ओवाळून घ्यायला. तू नाताळच्या सुट्टीत पोरं घिऊन ये, फरीदाला आण, तिच्याकडनं मला गाठ शिकायचीया. पुढल्या पाडव्याला मी स्वतः बांधणार, झालर वर.

आता पत्र पुरं करते. हौसा पदर वढती, म्हणती पुढं काय झालं ज्ञानूकाकाचं ते सांग.

तुझी आक्का,
तानुबाई