पुकारा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज कोर्टाच्या व्हरांड्यात तुमचा असा राग आला की समोर असतात तर भांडलेच असते. तुम्ही जिथं जन्मभर शिपाई होतात, त्याच कोर्टात मी आता सरकारी वकील आहे. दारात उभं राहून तुम्ही पुकारा करायचात: नाव, बापाचं नाव, गाव, आणि तेही तीनदा. आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जायचा, आणि त्याचा तुम्हाला कोण अभिमान!

शाळेत असताना एका दुपारी मी तुमचा डबा घेऊन आले होते. निंबाखाली एक मुलगी आईला चिकटून बसली होती. तिच्यावर जबरदस्ती झाल्याची ती केस, पण ही कोण, कुठली, तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही दारात आलात आणि तिचं सगळं नावगाव खणखणीत ओरडलात. माना वळल्या. "अबे, हेच का थे पोरगी?" कोणीतरी म्हणालं. तुम्ही दुसऱ्यांदा ओरडता, ती उठते. तिसऱ्यांदा ओरडता, तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन फाटकाबाहेर गेलेली असते. आत जाऊन तुम्ही सांगितलंत, गैरहजर. संध्याकाळी भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "काहून वरडले तिचं नाव एवढ्या जोरानं?" तुम्ही ताट सरकवलंत. "साहेबाचा हुकूम असते. मी काय मनानं वरडतो? तू मले माह्यं काम नको शिकवू." ती मुलगी पुन्हा कोर्टात आलीच नाही आणि आरोपी सुटला.

आजची मुलगीही तशाच केसमधली, मामीसोबत शेलूबाजारहून जीपनं आली. अशा साक्षीदारांसाठी वेगळी खोली असते, आमच्याकडेही आहे, पण तिच्यात जुनी कपाटं भरून ठेवलीत. मग बसली बिचारी व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. मला म्हणाली, "ताई, माह्यं नाव नका पुकारू. मी आता मामाच्या गावाले राह्यते. तिथले लोक जमिनीच्या केसले आलेत, त्याईले काही माईत नाही. नाव घेतलं तं मी चालली." मी जजसाहेबांना सांगितलं, ते हो म्हणाले. पण शिपाई नवा, आणि दारात उभं राहिलं की छाती फुगतेच. माझे कागद लावणं चाललं होतं, तेवढ्यात त्यानं सुरुवात केली. कागद तिथंच टाकून मी धावले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. हो, भर कोर्टात! "मॅडम, काय करून राह्यल्या तुमी!" तो घाबरून म्हणाला. मी वळून पाहिलं तर ती उठून निघाली होती. तिला गाठून म्हटलं, "अर्धंच निघालं तोंडातून, कोणाले नाही समजलं. चाल माह्यासंग." खरंच समजलं नव्हतं का, मला काय ठाऊक? तिनं एकदा त्या लोकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझा हात धरला. दार लावून, पडद्यामागून तिनं साक्ष दिली. समोरच्या वकिलानं नको नको ते विचारलं, साहेबांनी त्याला दोनदा गप्प केलं. ती रडली, पण सगळं बोलली बाबा.

नंतर साहेबांनी आत बोलावलं. "हात कसा टाकता शिपायाच्या तोंडावर?" मी माफी मागितली आणि तिथंच म्हटलं, अशा केसमध्ये पुकारा बंदच करा, शिपायानं जवळ जाऊन हळू बोलवावं, आणि ती खोली आधी रिकामी करा. ते म्हणाले, "नुसत्या पुकाऱ्यानं साक्षीदार निघून जातो?" म्हटलं, "जातो साहेब. याच कोर्टात माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." खोली उद्याच रिकामी होईल आणि पुकाऱ्याबद्दल लेखी हुकूम काढतो, असं ते म्हणाले. मी उठले, तेव्हा त्यांनी सहजच विचारलं, "त्या वेळी शिपाई कोण होता?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून खरं सांगते. मी म्हटलं, "आठवत नाही." साहेबांसमोर तुमचं नाव घ्यायची मला लाज वाटली, बाबा.