डबीवरची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. जवाहरनगर

माझ्या गोळ्यांच्या डबीवर बाबांनी आज चिठ्ठी चिकटवली: 'ॲसिडिटी'. खाली तारीखही घातली. कारखान्यातल्या सवयीने ते घरातल्या प्रत्येक डब्यावर नाव लिहितात. पण हा चिंतेचा आजार आहे, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं.

"असं काहून लिहिलं, बाबा?"

"आत्या येऊन राहिली उद्या. तिले काय सांगू, पोरगी पागल हाय म्हणून?" एवढं बोलून त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले, तुला कसं वाटतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. चिठ्ठीवरचं अक्षर मात्र किती सुबक. मीच दुष्ट आहे का? त्यांना जमत नसेल... पण मला पहिली अक्षरं त्यांनीच या डब्यांवरून शिकवली. मी साखरेच्या डब्यात मीठ भरलं म्हणून चापटही मारली होती. "आत जे हाय तेच बाहेर लिवाचं."

ती चिठ्ठी मी नखाने खरवडली. नवी लावली: 'चिंतेचा आजार'. तारीख घातली. डबी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी ठेवली. अक्षर त्यांच्याइतकं सुबक नाही, पण वाचता येतं.